शारदेचं गोत्र

दर वर्षी प्रश्नपत्रिकेत एक ओळ ठरलेली असते. नाटकाचं नाव बदलतं, ओळ तीच राहते : नाटकाचे आशयसूत्र सोदाहरण स्पष्ट करा. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की पहिल्या पाचसहा पेपरांतच कळतं, यंदा वर्गातून कोणतं गाईड फिरलंय ते. सगळ्यांचा परिच्छेद एकाच जागी तुटतो. सगळ्यांच्या नाटककाराने समाजाचं विदारक वास्तव एकाच वाक्यात मांडलेलं असतं. सोदाहरण म्हटलंय म्हणून उदाहरण येतं ते अख्खं कथानक, अथपासून इतिपर्यंत, पुरवण्या भरभरून. (गाईडात एखादं साल चुकीचं छापलेलं असलं की तपासणाऱ्याचं काम हलकं होतं. चूकसुद्धा किती एकदिलाने केलेली असते!)

मी पाटणला मराठी शिकवते. कोयना आणि केरा या नद्या जिथे भेटतात तिथलं हे गाव. मुलं-मुली मोरगिरीकडून, मणदुऱ्याकडून, हेळवाकहून एसटीने येतात. पावसाळ्यात निम्मा वर्ग ओल्या छत्र्या पायाशी घेऊन बसलेला असतो. यांतल्या बहुतेकांनी नाट्यगृहात बसून नाटक पाहिलेलं नसतं. त्यासाठी कराड गाठायचं, आणि प्रयोग सुटल्यावर परतायला गाडी मिळेल याची खात्री नाही. मुलींना तर घरून कोण सोडणार? म्हणजे न पाहिलेल्या नाटकाचा आशय, न ऐकलेल्या संवादांच्या आधाराने, घड्याळाकडे बघत लिहायचा.

आणि हे कुठे, तर नाटकाच्या माहेरात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, पटवर्धन राजांच्या आश्रयाने. देवल हरिपूरचे, जन्म १८५५चा. हरिपूर म्हणजे सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. खाडिलकर सांगलीचे, १८७२चे. वसंत कानेटकर आमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. मराठी नाटकाचा अभ्यासक्रम लावायचा म्हटलं तर निम्मी यादी सातारा-सांगलीच्या एसटीच्या वाटेवर उभी आहे. ही नावं मुलांना पाठ असतात, सालांसकट. पण यातला कुणी आपल्या शेजारचा माणूस होता, आपण पितो त्याच नद्यांचं पाणी प्यायलेला होता, हे त्यांच्या हिशेबातच येत नाही. नाटककार हा पुस्तकातच जन्मतो आणि पुस्तकातच वारतो अशी काहीशी समजूत असते.

तशी नाटकाची ओळखच नाही असंही म्हणवत नाही. इकडचे लोक पोटासाठी मुंबईला गेले ते यात्रेला गावी येतात, आणि पूर्वी गावोगावी मुंबईकर मंडळींनी बसवलेलं नाटक हा यात्रेचा भाग असायचा. तमाशाचे फड येतात. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष इथून फार लांब नाही. वगात सोंगाड्या राजाला काय बोलला, त्यातला टोमणा कुणासाठी होता, पुढच्या रांगेतला कोणता पुढारी त्यावर उगीच मोठ्याने हसला, हे सगळं माझ्या वर्गातल्या पोरांना अचूक कळतं. आशय कळणं याहून वेगळं काय असतं? फक्त हे कळणं पेपरात लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता 'संगीत शारदा'. देवलांचं १८९९चं नाटक. पंचाहत्तरीचे श्रीमंत भुजंगनाथ, पैशासाठी पोटच्या मुलीचा सौदा करणारा कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि ती शारदा. आशयसूत्र कोणतं? वर्ग एका सुरात सांगतो, जरठ-कुमारी विवाहाचा निषेध. बरोबर. पैकीच्या पैकी द्यावेत असं बरोबर. मग मी विचारते, ते लग्न मोडलं कशामुळे?

इथे जरा शांतता होते. लग्न मोडलं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण गाईडात असतं. कोदंड या तरुणाने मोडलं, हेही असतं. पण कशाच्या जोरावर? नवरदेव म्हातारा आहे म्हणून नाही. मुलगी विकली जातेय म्हणून नाही. तिला नको आहे म्हणून तर नाहीच नाही. ते मोडतं वधूवर सगोत्र निघतात म्हणून. इतके अंक ज्या अन्यायाविरुद्ध नाटक पेटत गेलं, तो अन्याय ऐन मांडवात कुणी मोजलाच नाही. मोजलं ते गोत्र. पुढे कोदंडाशी तिचं लग्न लागायचं तर त्यालाही धर्मपीठाची संमती लागते. देवलांना हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. म्हाताऱ्याशी लग्न थांबवण्याचं दुसरं कोणतंही हत्यार त्या समाजापाशी नव्हतं, आणि जे एकुलतं एक होतं ते समाजाच्याच पोथीतलं होतं. देवलांनी तेच उचललं. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि घरी जाताना, विचार करणारा असेल तर, मुकाट होतो.

हे सगळं मी एका दमात सांगितलेलं नाही. एकदा मी कशामुळे मोडलं एवढंच विचारून थांबले होते, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, कधी न बोलणारी, म्हणाली, "गोत्र येगळं असतं तर लगीन झालंच असतं की ओ मॅडम."

एवढंच. बाकीचे हसले, कारण ती गावाकडचं बोलली. मी हसले नाही. नाटकावरच्या मोठमोठ्या लेखांतही जे वाक्य सहसा सापडत नाही ते ती बोलून गेली होती. तिच्या वाडीत लग्नं कशी ठरतात, ती कशावरून मोडतात, मुलीला विचारलं जातं का, हे तिला वाचावं लागलं नव्हतं. शारदेचं गोत्र तिला एका फटक्यात दिसलं.

परीक्षेत त्याच नाटकावर प्रश्न आला. तिने पाच मुद्दे लिहिले. जरठ-कुमारी विवाह, स्त्रीची अगतिकता, धनलोभ, समाजसुधारणेचा पुरस्कार, संगीताचा प्रभावी वापर. प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने रेघ. गोत्राचा शब्द नाही. नंतर भेटली तेव्हा विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "तसलं लिवून मार्क गेलं असतं तर?"

तिची भीती खोटी म्हणता येत नाही. तपासणारा समोरच्या गठ्ठ्याकडे बघत मुद्दे शोधतो. मुद्दा दिसला की बरोबरची खूण, खुणेला गुण. पाच खुणा झाल्या की पुढचं पान. गोत्राची गोष्ट कुठल्या खुणेत बसवायची? माझ्या मते मुलं पाठांतर करतात ती आळसाने नव्हे. व्यवहार बघून करतात. ज्या बाजारात एकच नाणं चालतं तिथे पोर दुसरं नाणं खिशात ठेवून घरी परत नेतं.

याच नाटकावर आणखी एक वाक्य दर वर्षी येतं : या नाटकामुळे शारदा कायदा झाला. ते वाचलं की माझं लाल पेन आपोआप उठतं. १९२९च्या त्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला नाव पडलं ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून. सारडाचं आपण शारदा केलं, कारण आपल्याकडे शारदा आधीच घरोघर पोचली होती. नाटकाने लोकांची मनं तयार केली म्हणा हवं तर, त्याला माझी हरकत नाही. पण गंमत पुढेच आहे. त्या कायद्याने मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. नवऱ्याने जास्तीत जास्त किती वर्षांचं असावं, यावर अक्षर नाही. चौदा पुरी झालेली मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथांना त्या कायद्याखाली खुशाल देता आली असती. मुलीचं वय अठरावर आलं ते १९७८ साली. म्हणजे शारदेच्या बाजूने सरकारपाशीही त्या वेळी काही नव्हतं. मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा बरोबर ठरते.

सरकार नाटकं वाचत नाही असं मात्र कुणी समजू नये. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाभारतातली जुनी कथा : विराटाच्या दरबारात सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर हात टाकू पाहणारा कीचक, सबुरी धरा म्हणणारा कंकभट झालेला युधिष्ठिर, आणि शेवटी कीचकाला चिरडणारा भीम. पिटातल्या प्रेक्षकाला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे कळायला गाईड लागलं नाही. सबुरीवाले मवाळ कोण, भीम कोण, हेही लागलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनाही ते नेमकं कळलं. १९१० साली नाटकावर बंदी आली. एखाद्या नाटकाच्या आशयसूत्राचं इतकं चोख उत्तर त्या काळी कुणी दिलं असेल तर ते गोऱ्या सरकारने. पात्रं कुणाची, प्रसंग कोणता, प्रेक्षक कुठे टाळ्या देतो, सगळं सोदाहरण. वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं सावरून बसतात. आशय ही पेपरात भरायची रिकामी जागा असून चालत नाही, तिच्यामुळे नाटक बंद पडू शकतं, हे पहिल्यांदाच त्यांच्या कानावर आलेलं असतं.

'नटसम्राट'चा प्रश्न सोपा म्हणून सगळे तो सोडवतात. वृद्धांची उपेक्षा, दोन पिढ्यांमधली दरी, कृतघ्न मुलं. हे उत्तर इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर पेन टेकत नाही. गणपतराव बेलवलकरांनी सगळं वाटून टाकलं आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही, यात त्यांचा स्वतःचा नाटकीपणा किती होता? आयुष्यभर राजे वठवलेल्या माणसाला घरातही राजासारखं उदार व्हायची हौस होती का? शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली या नाटकावर आहे हे मुलं लिहितात, पण लिअरचीही चूक होती हे लिहीत नाहीत. मुलं कृतघ्न म्हटलं की उत्तर संपतं. मला ते उत्तर बेलवलकरांवर अन्याय करणारं वाटतं. त्यांना नुसतं बिचारं करून टाकतं.

आणि पाटणमध्ये हे नाटक वाचताना आणखी एक गोष्ट आड येते. घर. नाटक १९७० साली आलं. त्याच्या तीन वर्षं आधी, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपाने या खोऱ्यातली घरं जमिनीला टेकवली होती. त्याच्याही आधी धरणाच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली, आणि माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. माझ्या वर्गातल्या काहींचे आजे-पणजे त्यातले आहेत. डोक्यावरचं छप्पर जाणं म्हणजे काय, हे त्यांनी घरात ऐकलेलं आहे, तेही मुलांच्या कृतघ्नतेमुळे नव्हे. वीज हवी होती म्हणून. बेलवलकरांचं घर मुलांनी घेतलं, आमचं सरकारने घेतलं, असं एका मुलाने एकदा वहीत लिहिलं होतं. ते वाक्य पेपरात आलं तर कडक परीक्षक म्हणेल विषयांतर. मी म्हणेन, आता त्याने पुढच्या ओळीत फरक लिहावा. बेलवलकर स्वतःच्या हाताने देतात, खोऱ्यातल्या लोकांना विचारलंच गेलं नाही. हा फरक लिहिला की ते नाटकावरचं उत्तर होतं. नुसतं साम्य लिहिलं तर ते भाषण राहतं.

म्हणून मी या प्रश्नाच्या विरोधात नाही. पुष्कळ सहकारी म्हणतात, नाटक ही अनुभवण्याची गोष्ट, तिचा आशय विचारणंच चूक. मला हे पटत नाही. अनुभव घेतला म्हणणारा माणूस प्रश्न विचारल्याबरोबर गप्प बसत असेल तर त्याने घेतला काय? प्रश्न चांगला आहे. तो माणसाला एक वाक्य ठामपणे बोलायला लावतो आणि त्या वाक्यासाठी नाटकातली जागा दाखवायला लावतो. वाईट आहे ते त्याचं आधीच ठरलेलं उत्तर. कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला शिवाजी छत्रपती आहे की बाप, यावर वर्गात दोन तट पडून भांडण झालं पाहिजे. आणि पेपरात दोन्ही तटांना गुण मिळाले पाहिजेत, जागा दाखवली असेल तर.

पोरांनो, कथानक आम्हाला येतं. आम्हीच ते शिकवलंय. तुम्हाला जे वाटलं ते एका वाक्यात लिहा, मग तो एकच प्रसंग लिहा ज्यामुळे तसं वाटलं, मग नाटकातलीच अशी एक जागा शोधा जी तुमच्या वाक्याला आडवी येते. तिला उत्तर देता आलं तर द्या, नाही आलं तर तसं लिहा.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आशयसूत्र सोदाहरण स्पष्ट करा, याऐवजी एवढंच विचारा : शारदेचं गोत्र वेगळं असतं तर? आणि खाली लिहा, कोणत्याही सकारण उत्तराला पूर्ण गुण.