निरीक्षणगृहातली मुलं आणि तुम्ही

कायदा या मुलांना गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. त्यांच्या तक्रारी तुमच्या मुलांसारख्याच असतात: खरूज, दातदुखी, झोप न लागणं. खरजेचं मलम एकट्याला लावून भागत नाही, खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं.

व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलाला मी रागावत नाही, 'कधीपासून?' एवढंच विचारतो. असल्या द्रावकांनी मेंदूला इजा होते, हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यूही येऊ शकतो, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. ऐकून घेतलं की मुलं बोलू लागतात आणि मग विचारतात, "डॉक्टर, शाळेत परत घेतील का?"

याचं औषध माझ्याकडे नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने त्याची ओळख प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. गल्लीतली कुजबुज मात्र तुम्हीच थांबवू शकता.