हवा किती भरायची?

आमच्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती भरायची, हे चिंचोळी एमआयडीसीत तीन जणांना विचारलं आणि तीन आकडे मिळाले. पंपावरचा मुलगा म्हणाला, "पस्तीस." भावाच्या कारखान्यातला ड्रायव्हर म्हणाला, "टायर रुंद आहेत, कमीच ठेवा, अठ्ठावीस." तिसऱ्यानं टायरच्या बगलेवर बोटच ठेवलं. तिथे 44 पीएसआय छापलेलं होतं.

गाडी सेकंडहँड. कंपनीचे मूळ टायर 165/80 आर 14. आधीच्या मालकानं त्याच रिमवर 185/70 आर 14 बसवले होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा इंच. हिशोब केला तर चाकाची उंची 620 मिलिमीटरवरून 615 वर येते. तिथे काळजी नाही. प्रश्न उरतो हवेचा.

गाडी मी कमी वापरतो, धाकटा भाऊ जास्त. तो टॉवेलच्या कारखान्यात आहे. पाळी सुटली की चौघांना घेऊन रात्री पुणे-हैदराबाद महामार्गानं सोलापूरला येतो. हवा कमी असली की टायर बगलेत मुडपत राहतो, तापतो आणि वेगात असताना फुटू शकतो. जास्त असली की टायर मधोमध टेकतो, खड्ड्यात दणके बसतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. त्यामुळे 'असेल तीस-पस्तीस' म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

मी भाषेचा मास्तर, पण त्रैराशिक विसरलेलो नाही. टायरवर मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो. आमच्या जुन्या मापाचा 85, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 515 किलो. नव्याचा 88, म्हणजे 560 किलो. गाडीचं वजन तेच आणि टायर थोडा ताकदवान, म्हणून 30 ऐवजी 27-28 पीएसआयलाही भार पेलेल असं निघतं. ड्रायव्हरचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण भार पेलणं वेगळं आणि वळणावर गाडी ताब्यात राहणं वेगळं. शिवाय हवा आठवड्या-आठवड्याला थोडी उतरतेच. म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्याच्या खाली जायचं नाही हे मी ठरवलं. आमच्या स्टिकरवर 30 आहे, भरलेल्या गाडीला मागे 34. बगलेवरचे 44 ही त्या टायरची कमाल मर्यादा. ती आपल्या गाडीसाठीची शिफारस नव्हे.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त टेकणारा टायर, हा समजही पुरता खरा नाही. चाकावर 300 किलो भार आणि आत 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो दाब. भागाकार केला की 140 चौरस सेंटिमीटर येतात, बोटांसकट एका तळहाताएवढी जागा. दाब तोच ठेवला तर रुंद टायरचाही तळहात जवळपास तेवढाच; फक्त तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो.

खरी गंमत उन्हाची. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दोन पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात पहाटे 26 अंश आणि दुपारी 42 असले, तर गाडी जागची न हलताही तीनेक पीएसआय वाढतात. सोलापूरहून चिंचोळीपर्यंत पळवल्यावर आणखी. भर दुपारी मीटर 36 दाखवत होता. हायवेच्या कडेच्या पंक्चरवाल्या चाचांना म्हटलं, जास्तीची काढून टाकू या का? त्यांनी नळी बाजूला ठेवली. "गरम टायर की हवा नै निकालते, सर. सुबू देखो." दुपारी 30 वर आणली असती तर पहाटे 25 च्या आसपास उरली असती. आमच्या लोकांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा अशा टपरीवर उभं राहून ऐकावं. हवा, फरक, अंदाज हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. त्यातला अंदाज चाचांकडे पक्का आहे.

आकडा पक्का करायला मात्र शाळेतला खडू कामाला आला. टायरवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी जाड रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर गाडी सरळ थोडी चालवायची आणि उतरून बघायचं. एमआयडीसीतले आतले रस्ते सुटीच्या सकाळी यासाठी उत्तम. 36 ला रेघ मधोमध पुसली गेली, काठावर तशीच राहिली. 30 ला मी एकटा असताना सारखी पुसली. भाऊ आणि त्याचे तिघे साथी बसले तेव्हा मागच्या टायरवर 30 ला काठ जास्त पुसले गेले. 33-34 ला पुन्हा सारखी. रखवालदार लांबून बघत होता, मास्तर टायरवर काय लिहितायत म्हणून.

आता भावाच्या पाळीच्या आठवड्यात पुढे 31, मागे 34; घरी निवांत असली की सगळीकडे 31. मोजायचं पहाटे, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजनं. पंपावरच्या आणि आमच्या मीटरमध्ये दोनाचा फरक निघाला, म्हणून गेज घेतला.

डिकीतली स्टेपनी अजून जुन्या मापाची, 165 चीच आहे. तिच्यात 35 भरून ठेवलेत आणि भावाला सांगितलंय: ती लावली तर गाडी हळू चालवायची, फक्त चाचांच्या टपरीपर्यंत.