आजीचे पाखरू

आपल्या कवींनी पतंगाला एकच काम देऊन ठेवले आहे : दिव्यावर झडप घालायची आणि जळून मरायचे. फुलपाखराचे नशीब निराळे. २०१५ साली नीलवंत फुलपाखराला महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. पतंगाला कसला मान? सकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात झाडूबरोबर त्याचे पंख गोळा होतात, एवढेच.

माझे मत बदलले ते मणदूरला. शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीच्या रानालगत मामांचे घर आहे. आजीचे मूळ गाव वारणेच्या धरणात गेले. पुढचे आयुष्य तिने सपाटीवर, उसाच्या शेजारात काढले. पावसाच्या तोंडी तिला घेऊन मामांकडे गेलो होतो. पडवीच्या भिंतीवर विटकरी रंगाचे वाळके पान चिकटलेले दिसले. जवळ गेलो तर वीतभर पंखांचा पतंग! प्रत्येक पंखावर काचेसारखी तिकोनी खिडकी आणि पुढच्या पंखांच्या टोकांना हुबेहूब नागाचे डोके. नागपंचमीसाठी गाजलेल्या शिराळ्याच्या तालुक्यात हा भेटावा, याची गंमत वाटली.

मी हात पुढे केला तोच आजी म्हणाली, “हात लावू नगंस रं. आमच्या रानातलं पाखरू हाय त्ये. चाळीस वर्सांनी बघतीया.”

परतल्यावर पुस्तके चाळली. हा सह्याद्रीतला अ‍ॅटलास पतंग, शास्त्रीय नाव अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस. लंकेच्या जुन्या नावावरून पडलेले. प्रौढ पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगायचे आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा. मादी गंध सोडते. नर पिसांसारख्या मिशांनी तो दुरून टिपतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते की, उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात आणि त्या सवयीमुळेच दिव्याभोवती अडकतात. म्हणजे पतंग प्रेमापोटी दिव्याकडे जातो हे खोटेच. दिवा त्याला प्रेमापासून अडवतो. सात रात्रींच्या आयुष्यातली एक रात्र बल्बभोवती गेली, तर उरले काय?

मामांना हे फोनवर सांगितले. जेवणे आटोपली की ते आता पडवीतला दिवा मालवतात.

कोयना अभयारण्य १९८५ चे, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चे. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे हे रान वाघाच्या नावाने राखले गेले आणि त्याच्या आडोशाने हे पाखरूही राहिले. आजीचे गाव मात्र राहिले नाही.

पतंगाला तोंड नसते, हे तिलाही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तोंड न्हाई व्हय? मंग आमच्या रानाची खबर कुणाला इचारू?”