अब्बांची हातबत्ती

वारसा म्हटला की घर, जमीन, दागिने आणि बँकेतली ठेव एवढंच डोळ्यांसमोर येतं. अब्बांच्या इंतेकालनंतर आमच्या घरातही हिशेब तिथूनच सुरू झाला. आधी कफन-दफनचा खर्च, मग लोकांची देणी, मग वाटण्या. सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट सांगितलेले असल्यामुळे वाद नव्हता. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे पाच भाग, दोन्ही भावांना दोन-दोन आणि मला एक. अडलं ते माळ्यावरच्या एका गंजलेल्या बत्तीपाशी.

अब्बा भुसावळला रेल्वेत बत्तीवाले होते. सिग्नलच्या आणि गार्डच्या बत्त्यांमध्ये राकेल भरणं, वाती कातरणं, काचा पुसणं हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत विजेच्या बत्त्या आल्या आणि जुन्या भंगारात निघाल्या. त्यांतली एक हातबत्ती त्यांनी भंगाराच्या ठेकेदाराकडून पैसे देऊन घेतली होती.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती मागितली. भाईजान म्हणाले, "देऊन टाकू, पैसे वाटून घेऊ." धाकट्याचंही तेच मत. व्यापारी तिच्यात बल्ब बसवून एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यासाठी विकणार होता. मी म्हटलं, "तो देईल तीच किंमत धरा आणि बत्ती माझ्या हिश्श्यात लिहा." अम्मीची शंका वेगळी होती. "रेल्वेचा माल आहे. तुमच्या अब्बांनी हलाल पैशाने घेतली, याचा कागद आहे का? नसेल तर ती ना विकायची, ना ठेवायची." तिचं बरोबर होतं. सरकारी मालही अमानतच. दोन दिवस आम्ही अब्बांची ट्रंक उपसली. पेन्शनच्या कागदांत ठेकेदाराची पावती निघाली, तेव्हा कुठे अम्मीने होकार दिला.

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी ती बत्ती साफ करायला बसले.

आधी ही बत्ती काय काम करायची, ते सांगते. वाफेच्या इंजिनावर फायरबॉक्सची धग आणि वाफेचा आवाज असायचा. ड्रायव्हरला हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. रात्री गार्ड आणि ड्रायव्हर बोलायचे ते उजेडाने. बत्तीच्या बाहेरच्या डब्याला फुगीर भिंग असतं. आत दुसरं नळकांडं, त्याला लाल आणि हिरवी काच. वरची मूठ फिरवली की हवी ती काच ज्योतीसमोर येते. लाल म्हणजे थांबा, स्थिर हिरवा म्हणजे चला, हिरवा वर-खाली हलवला तर सावकाश. लाल काच हाताशी नसेल तर पांढरा उजेड आडवा, जोरजोराने हलवायचा. त्याचाही अर्थ थांबा असाच. डोक्यावरची टोपी दुहेरी पत्र्याची असते. धूर बाहेर जातो, पण वारा ज्योतीपर्यंत पोचत नाही.

पहिले काही दिवस मी फक्त आतल्या नळकांड्याच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडत राहिले. ते इतकं घट्ट बसलं होतं की धाकटा हातोडी घेऊन आला होता. पत्रा जुना, पातळ. एक घाव पडला असता तर भिंगाची चौकट कायमची वाकली असती. पाचव्या दिवशी मूठ किंचित हलली आणि आठवड्याने पूर्ण फिरली.

बर्नर पितळी होता. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळला, तेव्हा वर्षानुवर्षांची काजळी सुटली. गंजावर तेल लावून बारीक स्टीलवूलने हलक्या हाताने घासलं. एक गोष्ट मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नये, धूळ श्वासात जाते. ओल्या फडक्याने काम करावं, हातमोजे आणि मास्क वापरावा, मुलांना दूर ठेवावं.

गंज निघाला तशी पत्र्यावर ठोकलेली अक्षरं वर आली: जी.आय.पी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी सोडणारी रेल्वे. 1951 साली तिचं मध्य रेल्वेत रूपांतर झालं. म्हणजे ही बत्ती त्याआधीची. अब्बांच्या हाती येण्यापूर्वीच तिने कितीतरी जणांच्या ड्युट्या केल्या होत्या. चकचकीत करायच्या नादात मशीनचा ब्रश फिरवला असता तर ही अक्षरंच पुसली गेली असती.

टाकीत पाणी भरून पाहिलं तर तळाच्या सांध्यातून पाझरत होतं. जुना डाख जेमतेम दोनशे अंशांच्या आतच वितळतो. गॅसच्या ज्योतीने एक सांधा जोडायला जावं तर शेजारचे तीन सुटतात. मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्या चाचांनी डाखणीने, तेवढ्याच जागी डाख दिला. पैसे घ्यायला तयार नव्हते. अम्मीने बळेच दिले.

हिरवी काच पुसली तर निळसर निघाली. भाईजान म्हणाले, "बदललेली दिसते, अस्सल नाही." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग आठवलं, राकेलची ज्योत पिवळी असते. निळसर काचेतून ती गेली की डोळ्याला हिरवी दिसते. पांढरा बल्ब लावला असता तर ती काच निळीच दिसली असती. त्या व्यापाऱ्याच्या दिव्यात "चला" म्हणणारा रंगच उरला नसता.

राकेल आता सहज मिळत नाही. मोठ्या खटपटीने अर्धा लिटर मिळालं. मगरिबनंतर अंगणात भाईजानांनीच काडी लावली आणि मूठ फिरवली. भिंतीवर हिरवा उजेड पडला. धाकटा म्हणाला, "आपा, अब्बा रात्रपाळीहून यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना हाच वास यायचा." अम्मी काही बोलली नाही. झोपण्यापूर्वी मात्र तिने स्वतः उठून ज्योत विझली का ते पाहिलं. रात्री दिवे विझवून झोपावं, ही प्रेषितांची (स.) शिकवण अब्बा नेहमी सांगायचे. दिवसभर शेकडो बत्त्या पेटत्या ठेवायची काळजी घेणारा माणूस घरातला दिवा मात्र विझवल्याशिवाय झोपत नसे.

वाटणीच्या कागदावर आता एक ओळ जास्त आहे: "हातबत्ती एक, मुलीच्या हिश्श्यात." तिची किंमत माझ्या रकमेतून वजा झाली आहे. भावांनी "राहू दे ना" म्हटलं होतं, पण मी ऐकलं नाही. बहिणींनी हिस्सा प्रेमाने सोडून द्यावा, अशी अपेक्षा आपल्या घरांत सर्रास असते. मग भेट म्हणून मिळालेली वस्तू पुढे उपकारासारखी बोलून दाखवली जाते. वस्तू लहान असो की मोठी, ती हिशेबात धरा, लिहून ठेवा, सह्या घ्या. नाती त्यामुळे कोरडी होत नाहीत. आमच्याकडे तर दर ईदला दोघे भाऊ आधी बत्तीची काच पुसतात, मग शीरखुर्म्याला बसतात.