थंडीची जागल

पौष उतरणीला लागला की उंद्रीच्या शिवारात दोन जागली चालतात. एक रानडुकरांची आणि रोह्यांची. तिला बॅटरी लागते, फटाके लागतात, आरडाओरड लागते. दुसरी थंडीची. थंडी धुरा ओलांडते तेव्हा पाचोळा वाजत नाही, कुत्रंही भुंकत नाही. गव्हाला ती हवीच असते, हरभऱ्याला मानवते. नुकती दोन पानं उघडून बसलेल्या टरबुजाच्या रोपाला मात्र ती सोसत नाही.

चिखली-खामगाव रस्त्यावरचं हे गाव. हिम पडावं असा हा मुलूख नव्हे. पण उन्हाच्या तोंडाशी टरबूज बाजारात न्यायचं तर लावण जानेवारीत करावी लागते, आणि हा वेल मूळचा आफ्रिकेतला. पारा दहाच्या खाली गेला की त्याची मुळं पाणी ओढेनाशी होतात. सकाळी ऊन चढतं, पानं पाणी मागू लागतात, मुळं अजून गारठलेलीच. मग ओल्या बेडवर उभं असलेलं रोप तहानेनं मान टाकतं. दोन दिवसांत पानाच्या कडा करपतात, बोटांत धरलं तर पान कुरकुरतं. जळगावकडच्या केळीलाही असाच चरका बसतो. तिथल्या शेतकऱ्याचं लक्ष 8 अंशांच्या रेघेवर असतं, कारण हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी तीच रेघ धरलेली आहे.

गंमत अशी की रोपाला मारणारी रात्र सगळ्यांत देखणी असते. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, संध्याकाळपासूनच मृग नक्षत्र लख्ख. जमीन दिवसभर साठवलेली ऊब अशा रात्री वर सोडत राहते आणि ती अडवायला कुणी नसतं. ढग असले तर त्यातली बरीचशी ते खाली परत धाडतात. जमिनीवरची वाकळच ती. घाटेअळीपायी ढगाळ हवेला शिव्या घालणारा शेतकरी हरभऱ्यातून टरबुजात आला की तेच ढग मागू लागतो. शेजारच्या वावरातले म्हातारे बाबा दिवेलागणीला मान वर करून एवढंच म्हणतात, "आज आभाय लय मोकयं हाय. झाकून घ्या, पोट्टेहो."

गार हवा जड. ती उतारानं घरंगळत नाल्याकाठी साचते. म्हणून एकाच शेतकऱ्याचं वरचं वावर हिरवं राहतं आणि खालचं करपतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत असतो. रोप वीतभरही नसतं. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतचा पारा पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी खाली असू शकतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली. तो आकडा पेटीतला. विदर्भातल्या कोवळ्या पानांनी त्या पहाटे काय सोसलं असेल, ते त्यावरून ताडावं.

पूर्वी रोपांवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा आडोसा करीत, गोणपाट टाकीत, बुडाशी कुटार पसरीत. आता पांढरं क्रॉप कव्हर आलं. बेडवर कमानी रोवायच्या, कापड ताणायचं, दोन्ही कडा मातीनं दाबायच्या. पहाटे हात लावला तर कापड दवानं गच्च ओलं. कड उचलून आत हात घातला की ओल्या मातीचा वास आणि मनगटाला जेमतेम कळेल एवढी ऊब. बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांचा फरक. रोपाचं तेवढ्यावर भागतं.

धुराचं मात्र जरा वेगळं आहे. धुऱ्यावर काडीकचरा पेटवून वावरभर धूर केला की थंडी हटते, असं आपण ऐकत आलो. पण जमिनीतून निसटणारी ऊब धुराला फारशी अडवता येत नाही. कामी येते ती आगीची धग. तीसुद्धा ठिकठिकाणच्या लहान लहान शेकोट्यांची. एकच मोठा जाळ केला तर त्याची ऊब सरळ वर निघून जाते. निफाडकडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, फ्रान्समधल्या शाब्लीचे मळेवाले एप्रिलच्या रात्री वेलींच्या ओळींतून मेणाचे डबे. दोघांचा हिशेब एकच.

आणि पाणी. विहिरीचं पाणी माघातल्या पहाटे कोमट लागतं, त्यावर वाफ दिसते. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. शेतीची लाईन रात्री येते म्हणून आपण एरवी कडकडून बोलतो, आणि बोलावंच. अंधारात, विंचवा-सापाच्या वाटेनं मोटार चालू करायला जाणं ही काही चैन नव्हे. पण कडाक्याच्या रात्री तीच लाईन रोपाच्या कामी येते. माणूस कुडकुडतो, मुळं तग धरतात.

युरोपात ही धास्ती वसंतात. जर्मनीत 11 ते 15 मे हे हिमाच्या संतांचे दिवस मानतात आणि ते उलटेपर्यंत जुने माळी टोमॅटो उघड्यावर लावत नाहीत. आपल्याकडे थंडी महाशिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते. जाण्याआधी माघात ती एकदा मागे वळते, आणि घोटाळा होतो तो तेव्हाच. दुपारी घाम यावा इतकं ऊन, माणूस गाफील, आणि पहाटे पुन्हा गारठा.

तरी झाकणं सोपं. अवघड आहे ते उघडणं. टरबुजाची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. परागकण एकीकडून दुसरीकडे नेते मधमाशी, आणि कापडाआड तिला वाट नाही. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत फुलं दिसू लागतात. तेव्हा कापड काढावंच लागतं, मग पहाट कितीही गार असो. आधी काढलं तर रोप गारठतं. उशीर केला तर वेल कमानीखाली हिरवागार पसरतो आणि फळ धरत नाही. ऊब द्यायची ती मोजून: पहाटेचे दोन तास निभावण्यापुरती आणि फूल येईपर्यंतच. कापड काढायचा दिवस उंद्रीत कुणी पंचांगात शोधत नाही, मोबाइलवरही नाही. सकाळी कड उचलतात, पानांखाली पिवळं फूल आहे का बघतात, आणि असलं तर त्याच दिवशी कमानी उपटायला घेतात.