कमरेचा दोर

पाण्यात पडलं की पोहायला येतं, असं सांगणाऱ्या कुणीही त्या वेळी आपल्या कमरेला काय बांधलं होतं, हे सांगितल्याचं मला आठवत नाही. आमच्या गावच्या विहिरीत मोकळ्या कमरेनं पहिली उडी कुणी मारलेली मी पाहिलेली नाही. पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा पाठीला असायचा, नाहीतर वाळका भोपळा. पुढे पुढे तेलाचा रिकामा डबा आला. शिवाय काठावर दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून कुणीतरी चुलता उभा. म्हणीत यातलं काहीच नाही. तिच्यात फक्त पाणी आहे आणि पडणं आहे.

मला बुलेट शिकवणाऱ्या मिस्त्रींनी तीच म्हण ऐकवली. "बसा की वहिनी. पाण्यात पडल्याबिगर पोहायला येतंय व्हय?" कोल्हापूरला कळंब्याच्या बाजूच्या मोकळ्या माळावर आम्ही उभे होतो. बुलेट जुनी, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. 1955 साली इंग्लंडच्या रेडिचच्या या गाडीची जुळणी मद्रासला सुरू झाली. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला आणि इथली गाडी मात्र तशीच निघत राहिली. वजन 160 किलोच्या वर.

मिस्त्री शिकवत नाहीत असं मुळीच नाही. गाडी चालू करायला त्यांनी जितकं नेमकं शिकवलं, तितकं नेमकं मला शाळेत कुणी काही शिकवल्याचं आठवत नाही. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत न्यायची, अँपिअरचा काटा मधोमध आला की थांबायचं. मग डीकंप्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, ओढून किक थोडी पुढे न्यायची, डीकंप्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि आता सगळं अंग तिच्यावर टाकायचं. काट्याकडे दुर्लक्ष केलं तर किक उलटी येते आणि घोटा धरून बसावं लागतं. डबल स्टँडवर घेतानाही तसंच. हातानं ओढायची नाही, स्टँडच्या दांडीवर पूर्ण वजन द्यायचं, गाडी आपली आपण मागं चढते. प्रत्येक गोष्टीला कारण, प्रत्येक कारणाला शब्द. पण क्लच सुटला, चाक फिरलं, की मिस्त्रींचे शब्द संपतात. तिथून पुढे म्हण.

हे मला टोचत राहिलं आहे. माणूस शब्दांचा कंजूष नाही, मनाचाही नाही. मग नेमकं त्याच जागी त्याच्याकडे काही का नसावं?

विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरलाही असाच प्रश्न पडला होता. ओहायोमधल्या डेटन गावात त्या दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतं. विल्बरनं अनेक सायकलस्वारांना विचारलं, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? सगळं बरोबर सांगणारा एकही भेटला नाही. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं. चाक उजवीकडे सरकतं, म्हणून गाडी डावीकडे कलते, आणि कलली म्हणून वळते. सायकल चालवणारं प्रत्येक पोर हे करतं, आणि करतो हे त्याला ठाऊक नसतं. जड मोटरसायकलवर हे लपत नाही. डावी मूठ पुढे ढकलली की गाडी डावीकडे झुकते. पहिल्यांदा मुद्दाम करून पाहिलं तेव्हा मी घाबरले आणि मला आनंदही झाला. मिस्त्रींना सांगितलं तर ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तसं कोण करतंय? नुसतं बघायचं तिकडं." आणि तसंच करत माझ्यासमोरून वळून गेले.

माझा चुलताही असाच होता. पुराच्या पाण्यातून पलीकडे जाऊन येणारा माणूस, पण पाय कसे मारायचे विचारलं तर पाण्यात उतरून मारून दाखवायचा. त्याच्या शिकवण्याची खरी जागा होती बिंडा. तो थोड्याथोड्या दिवसांनी त्यातला एक तुकडा काढून टाकायचा, पोराला न सांगता. पोर नेहमीसारखं उडी मारायचं, नेहमीसारखं बाहेर यायचं. बिंडा उरला नाही हे कधीतरी पायऱ्यांवर अंग पुसताना लक्षात यायचं. त्यामुळे आपण पोहायला कधी शिकलो हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. मुलींना तो शिकवायचा की नाही असं आता लोक विचारतात. शिकवायचा, पण भर दुपारी, विहिरीवर कुणी नसताना. दोर तोच असायचा.

मला वाटतं, त्याच्या अबोलपणात सगळं शहाणपण त्या तुकड्यांचं होतं. आणि इथेच बुलेटपुढे माझा विचार अडतो. या गाडीचा तुकडा काढता येत नाही. सायकल शिकताना कॅरिअर धरून कुणीतरी मागे पळतं, हिला कोण धरणार? वजन पहिल्या दिवशी आहे तेवढंच शेवटच्या दिवशी. तेही विचित्र वजन. जरा वेग घेतला की नाहीसं होतं, गाडी सरळ राहू पाहते, अंगाला तिचा भारच लागत नाही. थांबताना, आणि माणसाच्या चालीनं वळताना, ते सगळं परत येतं. म्हणजे पाण्याच्या अगदी उलट. पाण्यात धडपड थांबवून निपचित पडलं तर पाणी धरतं. ही थांबली की पडते. खोल भाग इथे वेगात नाही, हाफ क्लचवर धरलेल्या त्या संथ वळणात आहे.

मग ही म्हण इथे लागूच नाही, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, उलट इथेच ती खरी आहे, कारण इथे खरंच कमरेला काही नाही. दर पावसाळ्यात पंचगंगा चढली की शिवाजी पुलावरून उड्या मारणारी पोरं आठवतात. त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. त्यांतल्या किती जणांच्या मागे आधी विहीर होती, किती जणांच्या मागे नुसतीच म्हण, हे पुलावर उभं राहून ओळखता येत नाही. आणि मिस्त्री माळावर उन्हात तासभर उभे असतात, काही न बोलता. तो दोरच आहे असं कधी वाटतं. तर कधी वाटतं, तो नुसता उभा असलेला माणूस आहे, आणि दोर मी त्याच्या हातात कल्पनेनं दिला आहे.

आता ते संथ वळण मला बहुतेक वेळा जमतं. शेजारची पोरगी शिकायचं म्हणते, माळावर येऊन बसते, आणि विचारते, काकू, वळताना तुम्ही नेमकं काय करता? तिला मी म्हण ऐकवणार नाही, एवढं मनाशी ठरवलेलं आहे. मुठीचं सांगावं, तर ते वेगातलं. या चालीला हँडल वळायचं तिकडंच फिरतं. नजर लांब ठेव असं सांगावंसं वाटतं. पण नजरेमुळे गाडी वळते हे मी स्वतः करून जाणलं आहे, की मिस्त्री तसं म्हणाले म्हणून मला ते दिसायला लागलं, याची मला आता खात्री देता येत नाही.