सव्वीस उमेदवार

ठकांचा सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्यांत एक तरी महाभाग असा असतोच की, "मला तर मध्यंतरालाच कळलं होतं" हे सांगितल्याशिवाय त्याच्याने रिक्षात बसवत नाही. आमच्या मोहल्ल्यात असे तिघे आहेत. २०१३ साली नीरज पांडे यांचा 'स्पेशल २६' आला, तेव्हा तिघांनाही सगळे आधीच कळले होते. काय कळले होते, हे मात्र तिघांनी तीन प्रकारे सांगितले.

आमची कसोटी निराळी. शेवट कळला की नाही याला आम्ही फार किंमत देत नाही. शेवट कळल्यावर सिनेमा पुन्हा पाहावा आणि दिग्दर्शकाने आपल्याशी खोटेपणा केला का ते तपासावे. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढच्या चार ओळी गाळाव्यात.) खोट्या धाडीत गाफील राहिला म्हणून निलंबित झालेला फौजदार रणवीर सिंग, म्हणजे जिमी शेरगिल, हा पहिल्यापासून टोळीतलाच. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की, तो तपास अधिकाऱ्याला जे सांगतो त्यातले बरेचसे खरेच असते. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसतो. हा चकवा आम्हाला इमानदार वाटला. तक्रार करायचीच तर त्यातल्या प्रेमप्रकरणाची आणि गाण्यांची करावी.

तपास अधिकाऱ्याचे नाव वसीम खान. हे नाव हिंदी सिनेमात कोणत्या बाजूला निघेल, याचा धसका घ्यायची आम्हाला सवयच लागून गेली आहे. इथे मनोज बाजपेयीने रंगवलेला हा वसीम खान सीबीआयचा सचोटीचा माणूस आहे, पगारासाठी वरिष्ठांकडे कुरकुरतो, घरी जाऊन जेवतो. त्याच्याकडे देशप्रेमाचा दाखला कुणी मागत नाही. आमच्या ओळीत याची चर्चा झाली नाही, पण सगळे जरा सैल होऊन बसले.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. ही कथा मुंबईत मार्च १९८७मध्ये घडलेल्या प्रकारावर बेतलेली आहे. एका इसमाने गुप्तचर खात्यातल्या नोकरीची जाहिरात वर्तमानपत्रात दिली, बड्या हॉटेलात मुलाखती घेतल्या, सव्वीस जणांना निवडले आणि त्यांना घेऊन ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या दुकानावर धाड घातली. लाखोंचे दागिने घेऊन तो निघून गेला. पुढे तो कधी सापडला नाही. निवडलेले उमेदवार तिथेच राहिले, हुकमाची वाट पाहत.

प्रेक्षक टाळ्या वाजवतो त्या पळून गेलेल्यासाठी. जवाहिऱ्याबद्दल त्याला हळहळ नाही, तेही समजू शकते. सिनेमातला मंत्री आणि व्यापारी काळ्या पैशावरच बसलेले आहेत. पण उमेदवारांकडे कुठे काळा पैसा होता? त्यांच्याकडे इस्त्री केलेला शर्ट होता आणि प्रमाणपत्रांची फाईल. पडद्यावर ती पोरे बसमधून उतरतात, तेव्हा थिएटरात हशा होतो. मूर्ख कुठले, असे म्हणायला आपल्याला फार सोपे जाते. आमच्या महाभागांपैकी एकाने तर मोठ्याने म्हटलेही.

आमच्या शेजारी खालाचा मुलगा बसला होता. आखातात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाने पूर्वी त्याच्याकडून पैसे घेतले होते, ते खालाच्या बांगड्या मोडून आलेले. व्हिसा बनावट आहे हे विमानतळावर कळले. तिथून तो घरी आला नाही, दोन दिवस मुंबईतच फिरत राहिला. लोक काय म्हणतील याची भीती त्याला पैशापेक्षा जास्त होती. आणि लोक म्हणालेही तेच: शिकलेला असून फसला कसा?

सिनेमा त्याला आवडला. रणवीर सिंगचा उलगडा होताच त्यानेही शिटी वाजवली. फक्त बाहेर चहा घेताना त्याने एकच विचारले, "चाचा, त्या पोरांची ओरिजिनल सर्टिफिकेटं परत मिळाली असतील का हो?"